लेकरू भाजलं तर: पहिल्या वीस मिनिटांपासून चट्टा मऊ होईपर्यंत

माझा मुलगा एक वर्ष सात महिन्यांचा असताना कढत पाण्याच्या गंगाळात बसला. यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं, डिसेंबरची सकाळ. चुलीवरचा गंज उतरवून मी गंगाळात गरम पाणी ओतलं आणि विसणाला थंड पाणी आणायला रांजणाकडे वळले. चार पावलांचं अंतर. तेवढ्यात तो मागे मागे सरकत आला आणि बसला.

पुढच्या पाच मिनिटांत त्याच्या मांडीवर आणि पाठीवर टूथपेस्ट लागली, तिच्यावर हळद लागली, शेजारच्या काकूंनी वाटीभर साजूक तूप आणलं. पाणी तेवढं कोणी टाकलं नाही. सासूबाई कळवळून म्हणत होत्या, "पानी नोको टाकू वं, फोडं येतीन." मलाही तेच खरं वाटत होतं, कारण माहेरीही मी तेच ऐकलं होतं. दोन तासांनी तालुक्याच्या दवाखान्यात सिस्टर वाळलेली पेस्ट ओल्या गॉझने सोडवत होत्या. त्याचं तेव्हाचं रडणं भाजल्यावेळच्या रडण्यापेक्षा वाईट होतं.

तो एकोणीस दिवस वॉर्डात होता. त्यानंतर दीड वर्ष आम्ही चट्ट्याच्या मागे होतो. मी डॉक्टर नाही. वॉर्डात डॉक्टर-सिस्टरनी जे शिकवलं आणि आम्ही जिथे चुकलो, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आत्ता घरात लेकरू भाजलेलं असेल तर फक्त पहिला मुद्दा वाचा, पाणी टाकायला लागा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

१. पाणी. पूर्ण वीस मिनिटं.

आधी लेकराला विस्तवापासून, गरम पाण्यापासून बाजूला घ्या. अंगावरचे कपडे लगेच काढा, कारण भिजलेला स्वेटर किंवा लंगोट गरम पाणी धरून ठेवतो आणि भाजणं चालूच राहतं. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, भोवतीने कापा. करदोडा, वाळे, मनगट्या, हातातला काळा दोरा, सगळं उतरवा. तासाभरात सूज येते आणि मग ते रुततं.

मग भाजलेल्या जागेवर साधं थंड पाणी वीस मिनिटं टाकत राहा. घड्याळ बघा. रडणाऱ्या लेकराजवळ तीन मिनिटं सुद्धा अर्ध्या तासासारखी वाटतात आणि माणूस थांबतो. विस्तव बाजूला झाला तरी कातडीच्या आत उष्णता असते, ती खालचे थर पोळत राहते. लहान मुलांची कातडी पातळ, म्हणून ती लवकर खोलवर पोचते. पाणी ती उष्णता बाहेर काढतं, दुखणंही कमी करतं. लगेच जमलं नाही तरी भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो, हे मला नंतर कळलं. तालुक्याला निघण्याआधी आमच्या हातात तो वेळ होता.

फोड पाण्याने येत नाहीत. भाजल्यामुळे वरची कातडी खालच्या थरापासून सुटते आणि मध्ये पाणी साचतं. पाणी टाका, नका टाकू, यायचा तो फोड येतोच. पाण्याने जखम कमी खोल जाते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आजच, काही झालेलं नसताना, शांतपणे सांगून ठेवा. त्या घाईच्या वेळी कोणी कोणाचं ऐकत नाही.

आता खेड्यातल्या अडचणी. नळ दोन दिवसांआड येतो, मग वाहतं पाणी कुठलं? हातपंपाखाली थेट धरू नका, धार जोरात लागते. बादलीत पाणी घ्या आणि लोट्याने हळूहळू ओतत राहा. ओतणंही शक्य नसेल तर स्वच्छ सुती कापड पाण्यात बुडवून ठेवा आणि दर एक-दोन मिनिटांनी बदला. एप्रिल-मेमध्ये एक धोका आपल्याकडे जास्त आहे: दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणीच चटका देतं. आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघा, नाहीतर माठातलं वापरा.

बर्फ लावू नका. बर्फाने रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम आणखी बिघडते. थंड करायचं ते फक्त भाजलेल्या जागेला. बाकीचं अंग गोधडीत गुंडाळून ठेवा, विशेषतः हिवाळ्यात आणि वर्षाच्या आतलं बाळ असेल तर. लेकरू थरथरायला लागलं, निळसर किंवा सुस्त झालं तर पाणी थांबवून त्याला ऊब द्या.

तीन प्रसंग वेगळे आहेत:

- कपड्यांनी पेट घेतला तर मूल पळतं, आणि पळाल्याने जाळ वाढतो. त्याला जमिनीवर आडवं करून लोळवा किंवा घोंगडी, जाड गोधडी टाकून जाळ दाबा. नायलॉनची साडी किंवा चादर टाकू नका.
- विजेचा धक्का असेल तर आधी मेन स्विच बंद करा, मगच हात लावा. बाहेरून डाग तिळाएवढा दिसला तरी आतून इजा असू शकते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दवाखान्यात नेणं भागच आहे.
- चुना डोळ्यात गेला तर ते भाजणंच आहे. खर्रा-तंबाखूसाठी चुन्याची पुडी, ट्यूब घरोघरी असते, लेकरू ती दाबतं आणि चुना उडतो. पापणी उघडी धरून अर्धा तास सतत स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, पापणीखाली अडकलेले खडे ओल्या कापडाच्या टोकाने काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. उशीर झाला तर नजर जाते.

२. काही लावू नका, फक्त झाका

टूथपेस्ट, हळद, तूप, तेल, शाई, राख, कच्चा बटाटा, अंड्याचा बलक, शेण, माती. यातलं काहीही नको. त्यांच्याखाली उष्णता कोंडते, घाण आत जाते आणि डॉक्टरला जखम किती खोल आहे ते दिसत नाही. मेडिकलमधलं पांढरं मलमही दाखवायच्या आधी नको, त्याने जखमेचा रंग झाकला जातो. आग उतरवण्यासाठी मंत्राची फुंकर मारणारे गावोगाव आहेत. त्यांच्याकडे गेल्यावर वीस मिनिटांचं पाणी हुकतं आणि थुंकी जखमेवर पडते.

झाकायला धुतलेल्या सुती लुगड्याचा किंवा धोतराचा मऊ तुकडा सगळ्यात सोपा. अन्न गुंडाळायचं पारदर्शक प्लास्टिक असेल तर सुरुवातीची दोन-तीन हात फिल्म टाकून द्या आणि पुढची जखमेवर सैल ठेवा. हातापायाभोवती आवळून गुंडाळू नका. आपल्या भागात कापूस घराघरात आहे, पण तो जखमेवर कधीच ठेवू नका. त्याचे तंतू चिकटतात आणि एकेक ओढून काढावे लागतात. फोड फोडू नका. तो फुटेपर्यंत कातडीच जखमेला झाकून ठेवत असते.

३. किती भाजलंय, ते लेकराच्याच तळहाताने मोजा

लेकराचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. आपला तळहात नव्हे. माझ्या मुलाचं भाजणं १२ टक्के निघालं. मोठ्या माणसाच्या मानाने आकडा लहान वाटतो, पण लहान मुलांमध्ये १० टक्क्यांपुढे गेलं की शरीरातलं पाणी झपाट्याने कमी होतं आणि सलाईन लावावंच लागतं. नुसती लाली मोजायची नाही, फोड आणि सुटलेली कातडी मोजायची.

पुढच्या गोष्टींत मात्र टक्के बघत बसू नका, थेट न्या:

- चेहरा, हात, पाऊल, लघवीची जागा किंवा सांध्यावर भाजलं असेल
- हाताला-पायाला गोल फिरून भाजलं असेल
- बंद खोलीत धूर गेला असेल, आवाज बसला असेल, नाकातले केस जळले असतील
- बाळ वर्षाच्या आतलं असेल
- जखम पांढरी, मेणासारखी किंवा काळसर, चामड्यासारखी दिसत असेल

शेवटच्या खुणेत खूप घरं फसतात. खोल भाजलं की तिथल्या नसाही जळतात आणि लेकरू रडायचं थांबतं. घरचे म्हणतात, "झोपलं आता, बरं आहे." जखम खोल आहे आणि लेकरू शांत आहे, तर घाई जास्त करायची.

४. कुठे न्यायचं

१०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. घरची गाडी असली तरी १०८ ला फोन करा, कारण रुग्णवाहिकेत ऑक्सिजन आणि सलाईनची सोय असते. रुग्णवाहिका यायला वेळ असेल तर मिळेल त्या वाहनाने प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तिथे दुखणं कमी करायचं औषध, धनुर्वाताच्या लसीची चौकशी आणि मोठ्या भाजण्यात सलाईन, एवढं सुरू करून पुढे पाठवायला सांगा. लांबच्या रस्त्याला सलाईनशिवाय निघू नका.

मोठ्या उपचारासाठी आपल्या भागात नागपूरचं मेडिकल, मेयो आणि एम्स, सेवाग्राम, सावंगी मेघे, तसंच यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी पाठवणाऱ्या डॉक्टरांनाच फोन करायला लावा: भाजलेल्या मुलासाठी खाट आहे का, त्वचारोपण (दुसरीकडची कातडी जखमेवर लावणं) होतं का. आम्ही न विचारता एका ठिकाणी गेलो, तिथून परत पाठवलं, आणि अडीच तास गाडीत गेले.

दोन आकडे तोंडपाठ ठेवा: किती वाजता भाजलं आणि लेकराचं वजन किती. सलाईनचा हिशेब त्या दोन्हींवर चालतो. वजन अंगणवाडीच्या कार्डावर असतं, दर महिन्याला फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा.

रस्त्यात लेकरू शुद्धीवर असेल तर अंगावर पाजा किंवा ओआरएस चमच्या-चमच्याने द्या. सुस्त असेल, उलट्या करत असेल तर तोंडात काही घालू नका.

५. बरोबर काय घ्यायचं

- रेशन कार्ड आणि आई-वडिलांचं आधार कार्ड
- लेकराचं आधार, नसेल तर जन्मदाखला
- लसीकरणाचं कार्ड
- पाठवणाऱ्या दवाखान्याची चिठ्ठी, काय औषध दिलं त्या नोंदीसह
- चादर, दोन सुती कपडे, वाटी-चमचा, मोबाईलचा चार्जर

प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजण्याचे उपचार येतात. योजनेतल्या रुग्णालयात शिरल्याबरोबर आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं टेबल शोधा. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही लाभ मिळतो. लेकराचं नाव रेशन कार्डावर चढलेलं नसणं ही नेहमीची अडचण, तेव्हा जन्मदाखला कामी येतो. शंका असेल तर १५५३८८ वर विचारा. पण कागद राहिले म्हणून निघायचं थांबू नका, घरातलं कोणी मागून घेऊन येईल.

६. वॉर्डात

भाजलेल्या रुग्णाची नोंद पोलिसांकडे जाते, तिला एमएलसी म्हणतात. पोलीस येऊन विचारतात. माझे हातपाय गार पडले होते, कारण पाणी मीच ओतलं होतं. जसं घडलं तसं सांगा. पाणी होतं, तेल होतं की वीज, यावर उपचार बदलतो, म्हणून कोणाला वाचवायला गोष्ट फिरवू नका.

पट्टी बदलणं हा वॉर्डातला सगळ्यात कठीण वेळ. पट्टीच्या अर्धा-पाऊण तास आधी दुखण्याचं औषध मिळेल का, हे सिस्टरना रोज विचारा. विचारायला संकोच करू नका. पट्टी होताना लेकराच्या डोक्याशी उभं राहता आलं तर राहा. चिकटलेली पट्टी ओढू देऊ नका, सलाईनच्या पाण्याने भिजवून सोडवायला सांगा.

दोन-तीन आठवड्यांत भरणार नाही इतकी खोल जखम असेल तर डॉक्टर त्वचारोपण सांगतात. मांडीवरची पातळ कातडी काढून जखमेवर लावतात. ऐकून आम्ही घाबरलो, दोन दिवस सही केली नाही. ते दोन दिवस वाया गेले. मांडीची जागा दोन आठवड्यांत भरून आली.

खाणं थांबवू नका. जखम भरायला शरीराला नेहमीपेक्षा जास्त अन्न लागतं: अंडी, वरण, दूध, शेंगदाण्याची चटणी घातलेला मऊ भात, खिचडी. अंड्याने, वरणाने जखमेत पू होतो हे आमच्या वॉर्डातही म्हणत होते. खरं नाही. अंगावर पाजत असाल तर पाजत राहा.

७. घरी आल्यावर, किंवा छोटं भाजणं घरीच सांभाळताना

पट्टी कधी बदलायची ते लिहून आणा. जखम माशांपासून जपा. पॅरासिटामॉल वजनावर असतं: किलोमागे १५ मिलिग्राम, दोन वेळांत सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. म्हणजे १० किलोच्या लेकराला एका वेळी १५० मिलिग्राम. यात सापळा बाटलीचा आहे. काही बाटल्यांत ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्राम असतं, काहींत २५०. "मागच्या वेळी एवढंच दिलं होतं" म्हणून देऊ नका, लेबल वाचा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.

भाजल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ताप, अंगावर लाल पुरळ, उलट्या-जुलाब किंवा लेकरू मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला दवाखाना. जखम रुपयाएवढी असली तरी. लहान मुलांना जंतूंच्या विषाने असं होतं आणि जखम वरून स्वच्छ दिसत असते. दुर्गंधी, हिरवट पू, भोवती पसरणारी लाली, याही परत जायच्या खुणा.

८. जखम भरली तरी काम संपत नाही

आम्हाला सर्वांत महाग पडलेली चूक ही. घरी आल्यावर सगळे भेटायला आले, "भरली बाई जखम" म्हणाले, आणि आम्हीही तसंच समजलो. गुडघ्यामागची कातडी भाजली होती. तो पाय दुमडून झोपायचा, तसं त्याला बरं वाटायचं. पाय सरळ ठेवायला कडक पट्टी (स्प्लिंट) लावावी लागते, हे पहिल्या ठिकाणी कोणी सांगितलं नाही. दोन महिन्यांत गुडघा पूर्ण सरळ होईना.

लेकराला ज्या स्थितीत बरं वाटतं, बहुतेक वेळा कातडी त्याच स्थितीत आखडते. म्हणून सुटी होतानाच विचारा: सांधा कुठला भाजला आहे, रात्री स्प्लिंट लागेल का, कोणता व्यायाम दिवसातून किती वेळा. गुडघा, कोपर सरळ ठेवायचे, बोटांच्या मध्ये पट्टी ठेवून ती वेगळी राखायची, मान भाजली असेल तर डोक्याखाली उशी नको. फिजिओथेरपी मोठ्या सरकारी दवाखान्यांत मिळते.

तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेऊन भरलेली जखम पुढे जाड, लाल, उंच होते. ती कोवळी कातडी पूर्ण बंद झाल्यावर खोबरेल तेलाने दिवसातून तीन-चार वेळा हळू दाबत मालिश करा. खाज फार सुटते, विशेषतः रात्री. नखं कापून ठेवा, सुती कपडे घाला, खाज सहन होत नसेल तर डॉक्टर औषध देतात. दाब देणारे घट्ट कपडे माप घेऊन शिवून मिळतात, ते दिवस-रात्र घालायचे असतात आणि लेकरू वाढतं तसं माप पुन्हा घ्यावं लागतं. आम्ही सहा महिने तेच जुनं घालत होतो. विदर्भातलं ऊन चट्ट्याला काळं करतं, वर्षभर तरी झाकून ठेवा. चट्टा वर्ष-दीड वर्ष बदलत राहतो, म्हणून तिसऱ्या महिन्यात निराश होऊ नका आणि मालिश सोडू नका.

९. घरात काय बदलायचं

गंगाळात, बादलीत, टबात आधी थंड पाणी, मग गरम. हा एक क्रम पाळला असता तर वरचं काहीच लिहावं लागलं नसतं. मग कोपर बुडवून बघा. हिटरचा रॉड लावलेली बादली लेकराच्या हाताला लागेल अशी जमिनीवर नको.

चूल जमिनीवर असेल तर भोवती दोन विटांचा ओटा करा, किंवा बाजल्याचा आडोसा उभा करा. पऱ्हाटीचं (कपाशीच्या काडीचं) टोक चुलीबाहेर लांब राहतं, लेकरू तेच धरून ओढतं, म्हणून तोडून लहान करा. चहाचा कप हातात असताना लेकरू मांडीवर घेऊ नका. ओतून पंधरा मिनिटं झालेला चहाही त्याला पोळवू शकतो.

उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजतो, तो दिवस सर्वांत धोक्याचा. चीक पाण्यासारखा ओघळून जात नाही, अंगाला चिकटतो आणि चिकटून पोळत राहतो. अंगणात चार बाया कामात, पोरं भोवती. त्या दिवशी एका माणसाला फक्त पोरं सांभाळायचं काम द्या, दुसरं काही नाही. लग्नाच्या, भंडाऱ्याच्या स्वयंपाकातही तेच: वरणाची मोठी भांडी जमिनीवर ठेवली की भोवती खाटा आडव्या लावा.

बाळाच्या पोटावर बिबा लावू नका, त्याच्या तेलाने कातडी जळते. बाळंतिणीच्या खाटेखालची शेगडी बाळाच्या दुपट्यापासून लांब. मेळघाटात पोट फुगलं म्हणून बाळाला गरम लोखंडाचे चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. देणारी आजी बाळाच्या जिवासाठीच देते, पण त्याने पोट बरं होत नाही आणि जखमेतून जंतू रक्तात जातात. पोट फुगलेल्या बाळाला आशाताईंकडे, दवाखान्यात न्या.

आणि शेतातले रोडगे, हुरडा. जेवण झालं की गोवऱ्यांच्या आरावर माती ओढून आपण निघतो. मातीखाली विस्तव तासन् तास जिवंत राहतो, वरून राख पांढरी आणि थंड दिसते, अनवाणी लेकरू त्यात पाय टाकतं. माती टाकू नका. बादलीभर पाणी ओता, काठीने उलथा, पुन्हा ओता, वाफ यायची थांबली की हात जवळ नेऊन बघा, आणि मगच तिथून उठा.